३४ बी, ३६ बी की ३४ डी? तीन तक्ते आणि एक पट्टा

डोंबिवलीच्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा: कॉलेजपासून ३४ बी घालत आले. दोन बाळंतपणांनंतर कपच्या वरून वळी दिसायला लागली, म्हणून दुकानदाराने ३६ बी दिली. आता खांद्याचे स्ट्रॅप घसरतात आणि मागची पट्टी वर चढते. घरी टेप लावली तर छातीच्या खाली ३० इंच भरले आणि छातीच्या उभारावर ३७. नेटवरच्या एका तक्त्याने ३४ सी सांगितलं, दुसऱ्याने ३४ डी, तिसऱ्याने चक्क ३० एफ. यातलं खरं कुठलं? वायरच्या ब्राने कॅन्सर होतो म्हणतात, ते खरं का? आणि सत्तरीच्या आईला मागचे हुक लावता येत नाहीत, तिच्यासाठी काय घ्यावं?

मी दादरला लेडीज इनरवेअरच्या दुकानात फिटिंग बघते, त्याआधी बरीच वर्षं ब्लाऊज शिवत होते. त्यामुळे माझं उत्तर थोडं शिंपिणीचं, थोडं काउंटरवरचं.

आधी उत्तर, मग कारणं. तुम्ही समोर असतात तर मी पहिली ३४ डी हातात दिली असती. तिचा छातीखालचा पट्टा सैल वाटला तर ३२ डीडी. ३० एफ शोधत मुंबई पालथी घालू नका. ३६ बी मात्र बाजूला काढा, ती कुठल्याच हिशेबात तुमच्या मापाची नाही.

आता ते तक्ते. ब्राच्या मापातला आकडा खालच्या पट्ट्याचा आणि अक्षर कपचं, हे बहुतेकींना माहीत असतं. अक्षर ठरतं छातीचा घेर आणि पट्टा यांच्यातल्या फरकावरून. फरक १ इंच तर ए, २ तर बी, ३ तर सी, ४ तर डी. १९३० च्या दशकात अमेरिकेत ही अक्षरं सुरू झाली तेव्हा एवढी चारच होती. पुढची नंतर जोडली गेली, आणि ज्याने त्याने आपल्या मनाने जोडली. ब्रिटिश मापात डीनंतर डीडी, मग ई, एफ, एफएफ, जी. युरोपात डबल अक्षरं नाहीत, सरळ डी, ई, एफ, जी. अमेरिकेत डीडीनंतर डीडीडीसुद्धा येतं. म्हणजे ब्रिटिश ई आणि युरोपियन ई या वेगवेगळ्या ब्रा आहेत. भाचीने परदेशातून आणलेली ब्रा बसली नाही तर आधी लेबलवरचा देश बघा.

खरा घोळ आकड्यात आहे. पहिल्या तक्त्याने तुमच्या ३० मध्ये ४ इंच मिळवले, पट्टा ३४ झाला. ३७ मधून ३४ गेले, उरले ३, म्हणून ३४ सी. ही जुनी पद्धत, आपल्याकडच्या अनेक ब्रँडचे तक्ते आजही हीच धरून चालतात. तिसऱ्याने काहीच मिळवलं नाही. पट्टा ३०, फरक ७, ब्रिटिश मोजणीत ३० एफ. दुसरा तक्ता युरोपियन, सेंटिमीटरचा. तुमचे ३० इंच म्हणजे ७६ सेंटिमीटर. युरोपात ७३ ते ७७ घेराला ७५ नंबरचा पट्टा देतात. छाती ९४, फरक १८, त्यांच्याकडे १८ ते २० म्हणजे डी. आणि तो ७५ नंबर इथे ३४ म्हणून विकला जातो. फ्रान्समध्ये त्यालाच ९० म्हणतात, ऑस्ट्रेलियात १२. म्हणून ३४ डी.

ऐकायला तिन्ही उत्तरं तीन टोकांची वाटतात, पण ती एका पट्ट्यावर आणून बघा. पट्टा एका नंबरने वाढवला की अक्षर एकाने कमी करायचं, कप तेवढाच राहतो. त्या हिशेबाने ३० एफ, ३२ ई आणि ३४ डीडी यांचे कप सारखे. म्हणजे तिघांचं म्हणणं ३४ वर आणलं तर सी, डी आणि डीडी एवढंच होतं. मधलं घेऊन ट्रायल रूममध्ये शिरायचं आणि गरजेप्रमाणे एक घर इकडे किंवा तिकडे सरकायचं. कॅल्क्युलेटरचं काम तेवढंच. तो तुम्हाला बरोबर शेल्फसमोर नेऊन उभा करतो, ब्रा घालून बघत नाही.

ही शेजारच्या मापांची गोष्ट दुकानात समजावताना मला सगळ्यात जास्त वेळ लागतो. ३४ बी, ३२ सी, ३० डी यांचे कप सारख्याच आकाराचे. अक्षर एकटं काहीच सांगत नाही. तरी “डी” म्हटलं की समोरची बाई आवाज खाली आणते, आजूबाजूला बघते आणि म्हणते, “डी? छे हो, एवढी कुठे आहे मी!” बारीक अंगाच्या, छातीखाली २६-२७ इंच असलेल्या मुलींचंही हेच. त्या ३४ बीमध्ये पोहत असतात, कप हवा तेवढाच असतो, फक्त पट्टा ३० चा लागतो. पण ३० डी सुचवली की आईच मध्ये पडते. असो.

तुमच्या बाबतीत झालं ते असं. ३४ बीचा कप लहान पडायला लागला. दुकानदाराने ३६ बी दिली, तिचा कप ३४ सीएवढा. कप एक घर वाढला, पण पट्टा सैल झाला. तुम्हाला हवा होता डीचा कप आणि पूर्वीचाच पट्टा. यात दुकानदाराचा काही डाव असतो असं मला वाटत नाही. बहुतेक लहान दुकानांत ३२ ते ३८ पर्यंत बीचे डबे भरलेले असतात, सी थोडे, डी एखाददुसरा. ज्या दिशेला डबे आहेत त्या दिशेला तो गिऱ्हाइकाला नेतो. स्टेशनबाहेर फुटपाथवर तर नुसता आकडाच असतो, ३२, ३४, ३६. तिथे कप साधारण बीच्या ढबीचा धरून चाला. ज्यांना तो बसतो त्यांनी खुशाल घ्यावा, मी नाकं मुरडणार नाही.

आता पट्टा. छातीचा बहुतेक भार खालच्या पट्ट्याने पेलायचा असतो, खांद्यांनी नाही. स्ट्रॅपचं काम कपला छातीशी सरळ धरून ठेवणं. पट्टा सैल असेल तर आपण स्ट्रॅप आवळतो, त्याने मागची पट्टी आणखी वर चढते, पुढून छाती खाली येते, मग पुन्हा स्ट्रॅप आवळतो. नाडी सैल बांधलेला परकर खांद्यावरून दोऱ्या लावून धरावा, तसा तो प्रकार. खांद्यावर खोल वळ पडलेल्या, संध्याकाळी मान धरलेल्या बायका येतात आणि रुंद स्ट्रॅपची ब्रा मागतात. रुंद स्ट्रॅपने जरा बरं वाटतं, पण मी आधी पट्टा एका नंबरने कमी करून देते आणि कप एका अक्षराने वाढवते. छाती खूप जड असेल आणि पट्टा नीट होऊनही मानेचं दुखणं राहिलं, तर ते काम माझं नाही, डॉक्टरांचं.

पट्टा बरोबर आहे का, हे मुंबईच्या बायकांनी कसं बघावं? लोकलमध्ये हँडल धरायला हात वर करतो तसा करा. दोन्ही हात. पट्टी जागच्या जागी राहिली तर ठीक. पुढून कपखालची कड वर सरकून छातीवर चढली, की पट्टा मोठा किंवा कप लहान. मग बाजूने आरशात बघा: पट्टी पुढून मागे आडव्या सरळ रेषेत हवी. मागून कमान करून पाठीवर चढली तर सैल. पट्टीखाली दोन बोटं आडवी घातली तर ती जावीत, पण सहज फिरता कामा नयेत. मूठ जात असेल तर तो पट्टा कुणालाच धरत नाही.

नवी ब्रा घेताना हुक सगळ्यात बाहेरच्या रांगेत, म्हणजे सगळ्यात सैल जागी लावून बघा. त्या रांगेत ती घट्टसर बसली पाहिजे. इलॅस्टिक महिन्या-दोन महिन्यांत सुटतं, मग मधली रांग, मग आतली. दुकानात आतल्या रांगेत छान बसलेली ब्रा घेतली तर दिवाळीची खरेदी होळीपर्यंत सैल होते. आणि जाड बायकांना बाहेरच्या रांगेतही आवळली, तर लगेच मोठा नंबर घेण्याआधी एक शंका घ्या: कप लहान असला की छाती पट्ट्याचंच कापड पुढे ओढून घेते आणि पट्टा घट्ट भासतो. खात्री करायची सोपी युक्ती आहे. ब्रा उलटी फिरवून, कप पाठीकडे घेऊन हुक पुढे लावा. आता पट्टा ठीक वाटला तर दोष कपचा.

एकाच नंबरचे दोन ब्रँडचे पट्टे लांबीला सारखे नसतात. म्हणून माझ्याकडे टेप बाईला लागते तशी ब्रालाही लागते. ब्रा टेबलावर पसरायची, हुकच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आधी न ओढता मोजायची, मग हाताला ताण लागेपर्यंत ओढून. तुमच्या ३० इंची घेराला न ओढता २६-२७ आणि ओढून ३३-३४ भरणारा पट्टा मला चालेल. ओढून ३७-३८ होत असेल तर लेबलवर ३४ असो की ३२, तो तुम्हाला सैलच पडणार. तुमच्या जुन्या ब्रांपैकी जी सगळ्यात बरी वाटायची ती अशी मोजून ठेवा. ऑनलाइन मागवलेली पुढची ब्रा अंगात घालण्याआधीच तुम्हाला अंदाज येईल.

टेप कशी लावली, यावरही थोडं. छातीखालचं माप श्वास सोडून, टेप घट्ट धरून, आडवी ठेवून. स्वतःच मोजत असाल तर आरशासमोर उभ्या राहा, टेप मागे हमखास खाली घसरते. वरचं माप पॅडेड ब्रावरून घेऊ नका, पॅडचं जाडपण मोजलं जातं. साध्या कापडी ब्रावर घ्या, किंवा ब्राशिवाय कंबरेत वाकून, छाती खाली सोडून घ्या. बाळंतपणानंतर छाती सैल झालेली असेल तर उभं राहून घेतलेलं माप कमी येतं. दोन्ही घ्या आणि मधलं धरा. पाळीच्या आधीचे दिवस टाळा, तेव्हा छाती भरलेली आणि दुखरी असते. शिवणाच्या डब्यातली टेप जुनी असेल तर तीसुद्धा ताणलेली असते, एकदा फूटपट्टीला लावून बघा.

आणि ब्रा घालायची पद्धत. नुसते हुक लावून मोकळं होऊ नका. जरा पुढे वाकायचं, उजवा हात डाव्या कपमध्ये बगलेच्या बाजूने घालायचा, बगलेकडे ढकलला गेलेला भाग पुढे कपमध्ये आणायचा. दुसऱ्या बाजूला तसंच. मग सरळ उभ्या राहा आणि आरशात बघा. बगलेजवळची चरबी समजून ज्याच्याकडे दुर्लक्ष केलं जातं ते पुष्कळदा छातीचंच असतं, लहान कपने बाजूला सारलेलं. ट्रायल रूममध्ये मी एवढं करायला लावते आणि मापात बसलेला कप डोळ्यांदेखत लहान पडतो.

कपमध्ये बघायच्या गोष्टी मोजक्या आहेत. वरच्या कडेवर वळी आली, कुर्त्यातून चार उभार दिसले, तर कप लहान. वायर असेल तर तिने छातीच्या पूर्ण घडीखाली आणि बाजूने बरगडीवर बसायचं, मांसावर चढायचं नाही. बगलेत टोचते म्हणून वायरला दोष देतात, पण कप लहान असला की वायर मागे-वर ढकलली जातेच. दोन कपांमधला तुकडा वायरच्या ब्रात छातीच्या हाडाला टेकला पाहिजे. तो अधांतरी राहिला तर बहुधा कप अपुरा. बिनवायरच्या ब्रात तो पूर्ण टेकेलच असं नाही, ते मनावर घेऊ नका. दोन्ही बाजू सारख्या नसणं अगदी सर्वसाधारण आहे. कप मोठ्या बाजूच्या मापाचा घ्यायचा आणि दुसऱ्या बाजूचा स्ट्रॅप जरा आवळायचा, किंवा पॅड काढता येणारी ब्रा घेऊन एकाच बाजूचा पॅड काढायचा.

खरी फसगत होते ती कप वरून पोकळ राहतो तेव्हा. तुम्हालाही ही अडचण येण्याची शक्यता आहे, म्हणून नीट सांगते. दूध पाजून झाल्यावर छातीचा वरचा भाग रिकामा होतो, भरीवपणा खाली राहतो. अशा छातीवर गोल, साच्यातला पॅडेड कप घातला तर वर हवा राहते. बाई म्हणते, कप मोठा झाला, एक नंबर लहान द्या. लहान कप वरून छान चिकटतो, पण खालून आणि बाजूने छाती बाहेर काढतो. दिवसभरात ती खाली सरकते, आणि संध्याकाळी गाडीतून उतरेपर्यंत सगळं विस्कटलेलं असतं. इथे माप बदलायचं नसतं, कट बदलायचा असतो. ज्याची वरची कड जवळजवळ आडवी आणि खाली आहे असा अर्धा कप घ्या, नाहीतर वरचा भाग ताण खाणाऱ्या लेसचा असलेला. जोडाचा, म्हणजे दोन-तीन तुकडे शिवून केलेला कपही चांगला बसतो, कारण शिवणीने त्याला खाली खोली मिळते.

ब्लाऊज शिवणाऱ्या बायका हे चटकन समजतात. एका अखंड कापडाला दोन टक्स घालून जी गोलाई येते आणि कटोरी ब्लाऊजमध्ये जी येते, त्यात केवढा फरक असतो! टी-शर्टखाली रेषा दिसू नये म्हणून साच्यातला कप बरा. जड छातीला मात्र मी शिवणीचाच कप सुचवते, कितीही जुन्या फॅशनचा दिसला तरी.

ब्लाऊजवरून आठवलं. घरात लग्नकार्य असेल तर आधी ब्रा घ्या, मग टेलरकडे जा. सैल ब्रावर दिलेल्या मापाचा ब्लाऊज नव्या ब्रावर बसत नाही. छातीचा घेर फारसा बदलत नाही, पण टक्सचं टोक जिथे यायला हवं ती जागा इंच-दीड इंच वर जाते. मग कटोरी खालून रिकामी आणि वरून ओढलेली दिसते, आणि शिव्या टेलरला बसतात. माप देताना जी ब्रा अंगात असेल तीच त्या दिवशी घाला. ब्लाऊजला आतून कप बसवून घेणार असाल तर टेलरला कपचा नंबर सांगून मोकळ्या होऊ नका, ट्रायलला तो जागेवर टाचून बघू द्या. बाजारात मिळणारे ते सुटे कप बहुतेक लहान आणि उथळ असतात.

कापडाचं म्हणाल तर मुंबईच्या हवेत रोजच्यासाठी कॉटन, किंवा कॉटनमध्ये थोडं इलॅस्टेन, म्हणजे ताण खाणारा धागा, असलेलं. जाड फोमची पॅडेड ब्रा मे महिन्यात घालून विरार गाडीतून प्रवास करणाऱ्यांच्या सहनशक्तीला माझा नमस्कार. छातीखालच्या घडीत घाम साचून लाल, खाजरे चट्टे येणं आपल्याकडे फार आहे. त्यातही पट्टा सैल असेल तर छाती अंगाला चिकटून राहते आणि घडी कोरडी होतच नाही. नीट उचलून धरणाऱ्या ब्राने निम्मा त्रास कमी होतो. घरी आल्यावर तो भाग धुऊन कोरडा करा. चट्टा पसरत असेल तर त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. मेडिकलमधून मिळणारी मिक्स क्रीमची ट्यूब चोळू नका. तिच्यात स्टेरॉइड असेल तर खाज दोन दिवस थांबते आणि नायटा आणखी हटवादी होऊन परत येतो.

पावसाळ्यात दोन-तीन ब्रांवर भागत नाही, त्या वाळतच नाहीत. ओलसर ब्रा अंगावर वाळवायची सवय त्या चट्ट्यांना आमंत्रणच. किमान चार ठेवा, आणि एकच ब्रा लागोपाठ दोन दिवस वापरू नका, इलॅस्टिकला विसावा लागतो. धुताना साधं पाणी, हाताने. पिळायची नाही, टॉवेलमध्ये दाबायची. मशीनमध्ये टाकायचीच असेल तर हुक लावून जाळीच्या पिशवीत. वाळत घालताना स्ट्रॅपला टांगू नका, ओल्या कपच्या वजनाने स्ट्रॅप लांबतात. मधल्या तुकड्यावर दोरी येईल अशी टाका. रोज वापरातली ब्रा वर्षभर टिकली तरी पैसे वसूल झाले म्हणायचे.

वायर आणि कॅन्सर. हे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असतं, तुमच्या ग्रुपवरही फिरलं असणार. सिएटलच्या फ्रेड हचिन्सन कॅन्सर संशोधन केंद्राचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कॅन्सर झालेल्या हजाराहून अधिक बायकांना कपचं माप, वायर, दिवसातून किती तास ब्रा घालता, कितव्या वर्षापासून घालता, असं सगळं विचारलं होतं. कॅन्सर न झालेल्या बायकांशी ताडून पाहिलं तर यातल्या कशाचाही कॅन्सरशी संबंध आढळला नाही. काळी ब्रा, घट्ट ब्रा, रात्री घातलेली ब्रा, या सगळ्या भीत्या सोडून द्या. रात्री घालावी की नाही हा आपल्या सोयीचा प्रश्न आहे. दूध पाजत असताना मात्र वायर आणि आवळणारे कप टाळा, एकाच जागी दाब पडून दूध तुंबतं आणि गाठ धरते. एवढंच लक्षात ठेवा की ब्रा एकाएकी एकाच बाजूला लहान किंवा मोठी व्हायला लागली, हाताला न दुखणारी गाठ लागली, कातडीला खळी पडली किंवा बोंड आत ओढलं गेलं, तर नवीन ब्रा घ्यायला येऊ नका, डॉक्टरांकडे जा. माझ्याकडे अशा बाया आल्या आहेत, आणि मी त्यांना माप न घेता परत पाठवलं आहे.

खरेदी कुठे करायची, याचं उत्तर एकच: जिथे घालून बघता येईल तिथे. रानडे रोड असो, हिल रोड असो, की ठाण्याचा जांभळी नाका, दुकानात शिरताच ट्रायल मिळेल का हे आधी विचारा. काउंटरवर पुरुष असेल आणि संकोच वाटत असेल तर “आत बाई आहेत का” म्हणून विचारायला लाजू नका, पुष्कळ दुकानांत असतात. नजरेने माप सांगणाऱ्याचं मी ऐकत नाही. साडीवरून आणि सैल कुर्त्यावरून पट्टा कळतच नाही. ऑनलाइन घेणार असाल तर एकाच डिझाइनच्या ३४ डी आणि ३२ डीडी दोन्ही मागवा, घरी हात वर करून, बसून, वाकून बघा आणि नको ती परत करा. पण आधी परतीचा नियम वाचा, इनरवेअर परत न घेणारे बरेच आहेत. डीडी आपल्याकडच्या साध्या दुकानात मिळणं कठीण आहे, मॉलमध्ये किंवा ऑनलाइनच बघावं लागेल. ३४ डी त्यामानाने सापडते. तिचा पट्टा वर सांगितला तसा मोजून घेतलात तर ३२ ची गरजही पडणार नाही कदाचित.

चालायला किंवा जिमला जात असाल तर डीच्या मापाला छाती नुसती दाबून धरणारी स्पोर्ट्स ब्रा पुरत नाही. दोन्ही बाजूंना वेगळा कप असलेली बघा, आणि दुकानात जागच्या जागी उड्या मारून बघा. हसू आलं तरी चालेल.

आता आईचं. सत्तरीत हात मागे न जाणं हे बहुतेक खांद्याचं दुखणं असतं. मधुमेह असेल तर खांदा आखडणं आणखी जास्त दिसतं. तो आधी दाखवून घ्या, ब्राने खांदा बरा होणार नाही. त्यांना पुढे हुक असलेली, बिनवायरची, कॉटनची ब्रा द्या. पुढच्या बाजूला बटणासारखी एकच चाप असते त्यापेक्षा हुकांची उभी रांग असलेली बघा. बोटं सुजणाऱ्यांना प्लास्टिकची ती चाप उघडत नाही. पुढे उघडणाऱ्या ब्रात सैल-घट्ट करायला हुकच्या दोन-तीन रांगा बहुधा नसतात, म्हणून पट्टा घेतानाच अचूक हवा, उगाच एक नंबर मोठी नको. त्यांना जुनीच ब्रा आवडत असेल तर हुक पुढे लावून ती फिरवून घेता येते, फक्त फिरवताना कप धरून ओढू नका, पट्टी धरा. शिवणसामानाच्या दुकानात हुकची जादा पट्टी मिळते. ती लावली की पट्टा थोडा लांब होतो आणि फिरवणं सोपं जातं. उतारवयात छाती खाली आणि बाजूला पसरलेली असते, त्यामुळे कपच्या बाजूचं कापड उंच आणि खालची पट्टी रुंद अशी घ्या. अरुंद पट्टी पोटावर गुंडाळली जाते आणि मग त्या ब्रा घालायचंच सोडून देतात. त्यांचं माप तुम्हीच घरी घ्या, बसवून घ्या, कारण त्यांचा दिवसातला बराच वेळ बसण्यात जातो आणि बसल्यावर छातीखालचा घेर इंचभर वाढतो.